फी भरली, आता पुस्तक उघडून देऊ या

(गंगापूर येथे झालेल्या पाठीराख्यांच्या मेळाव्यातील भाषण)



आज मला इंग्रजीवर बोलायचे आहे. आदिवासी कल्याणाच्या मेळाव्यात पाणी, धान्य, दवाखाना, जातीचा दाखला हे सगळे सोडून या बाई इंग्रजीवर काय सांगणार, असे काहींच्या मनात आले असेल. पण आपण ज्या मुलांसाठी प्रार्थना करतो आणि ज्यांच्या शिक्षणासाठी पाकीट देतो, त्यांतली काही मुले दर वर्षी कॉलेजात पोचून परत येतात. फी भरलेली असते. वसतिगृहात जागा मिळालेली असते. शिष्यवृत्तीचा अर्जही झालेला असतो. तरी दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेले लेकरू पुन्हा जात नाही. विचारले तर म्हणते, "ताई, करमत नाही." दोन-तीनदा जवळ बसून विचारले की खरे कारण बाहेर येते. "सर काय शिकवतात ते कळत नाही."

मग ते वाळूजला एखाद्या कंपनीत ठेकेदाराकडे रोजाने लागते. वाळूज आपल्याच तालुक्यात आहे, बस आहे, महिन्याला हातात पैसे येतात. त्या कामाला मी कमी लेखत नाही. त्यावर कितीतरी घरांची चूल पेटते. पण ज्या मुलीला नर्स व्हायचे होते, ज्या मुलाला विज्ञान शिकायचे होते, तो केवळ भाषेमुळे मागे फिरला, तर आपण भरलेली फी वाया गेली एवढेच नुकसान होत नाही. वस्तीवरची धाकटी मुले ते पाहतात आणि म्हणतात, "हे आपल्यासाठी नाही."

तिसरी भाषा

आपल्या भिल्ल वस्त्यांवरच्या मुलांचा प्रवास जरा डोळ्यांसमोर आणा. घरात आजी बोलते ती बोली वेगळी. शाळेत पहिल्या दिवशी कानावर पडते ती पुस्तकातली मराठी. तिच्याशी जुळवून घेता घेता चार-पाच वर्षे जातात. दहावीपर्यंत गणित, विज्ञान सगळे मराठीत होते. मग अकरावीला विज्ञान शाखा घेतली की पुस्तक एकदम इंग्रजीत. म्हणजे तुमच्या-माझ्या मुलांना इंग्रजी ही दुसरी पायरी असते, तर या मुलांना ती तिसरी.

कोणी म्हणेल, महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, मग बारा वर्षे शिकून येत कसे नाही? कारण बारा वर्षे इंग्रजी हा एक विषय असतो. गाईडमधले उत्तर पाठ करायचे, निबंध पाठ करायचा, पस्तीस मार्क मिळवायचे. इंग्रजीतून दुसरे काही शिकायची वेळ त्या मुलावर आलेलीच नसते. कॉलेजात ती वेळ एका सकाळी येते.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत नसते. नीट आणि जेईई मेन या प्रवेश परीक्षा आता मराठीतूनही देता येतात. ही चांगली सोय आहे. परंतु परीक्षा मराठीत दिली म्हणून पुढचे वर्ग मराठीत भरत नाहीत. दार मराठीत उघडते आणि आतली खोली इंग्रजीत असते.

दोन प्रकारची इंग्रजी

यावर उपाय म्हणून आपण काय करतो? बसस्टँडजवळ पाटी असते, तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी. तिथे मुलाला पाठवतो. मुलगा "हाउ आर यू, आय ॲम फाइन" शिकतो, थोडा धीट होतो. तेही हवेच. पण पहिल्या सत्राचे जीवशास्त्राचे पान समोर आले की त्याला पुन्हा घाम फुटतो.

कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी 1979 साली हा फरक नीट मांडला. बोलण्यापुरती भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. दुसऱ्या देशातून आलेली मुले साधारण दोन वर्षांत बोलू लागतात. मात्र अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांपर्यंत पोचायला त्यांना पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. तीही इंग्रजी बोलणाऱ्या देशात राहून. आपला मुलगा तर गंगापुरात किंवा वैजापुरात आहे. तेव्हा तो पहिल्या सत्रात अडखळला तर तो मंद आहे असे कोणी म्हणू नये. त्याला वेळ मिळालेला नाही, एवढेच.

पवित्र शास्त्रात याचा चांगला दाखला आहे. दानीएलाचा पहिला अध्याय आपण संडे स्कूलमध्ये शाकभाजीच्या गोष्टीसाठी शिकवतो. पण त्याच अध्यायात लिहिले आहे की बाबेलला नेलेल्या त्या तरुणांना खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकवायची व्यवस्था राजाने केली. किती काळ? तीन वर्षे. रोजचे जेवण ठरवून दिले, देखरेखीला माणूस नेमला आणि तीन वर्षांनी त्यांना राजापुढे उभे केले. एका मूर्तिपूजक राजाला जे कळले, ते आपल्यालाही कळायला हवे. परक्या भाषेत विद्या घ्यायची तर तयारीला मुदत, अन्न आणि सोबत लागते. दानीएल, हनन्या, मीशाएल व अजऱ्या ती भाषा शिकले, पण ते कोण होते हे विसरले नाहीत. त्यांची नावे बदलली, गुडघे टेकण्याची जागा बदलली नाही.

आपल्याच मातीतला अनुभव

मराठवाड्याला ही अडचण नवी नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. घरात मराठी आणि सरकारदरबारी उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत जो शिकला तो परक्या भाषेतून शिकला, आणि बहुतेकांना शिकताच आले नाही.

ही कोंडी ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादला कॉलेज सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. 1913 साली ते स्वतः न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते. परक्या मुलखात, परक्या भाषेत रात्रंदिवस वाचन म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. मिलिंदला वर्गांबरोबर वसतिगृहे उभी राहिली, ग्रंथालय उभे राहिले. खेड्यातल्या मुलाला नुसता प्रवेश देऊन भागत नाही, त्याला बसायला जागा, वाचायला पुस्तक आणि विचारायला माणूस लागतो, हा धडा आपल्या जिल्ह्यातच गिरवला गेला आहे. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ आले, आणि आज गंगापूरहून तासा-दीड तासाच्या एस.टी. प्रवासावर विद्यापीठ आहे. अंतर कमी झाले. आता भाषेचे अंतर कमी करायचे आहे.

तयारी म्हणजे नेमके काय

आता कामाचे बोलते. बारावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो. कॉलेजचे वर्ग खऱ्या अर्थाने जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात. मधले चार महिने आपली मुले कांदा काढणीला जातात, बांधकामावर जातात, नाहीतर घरी बसतात. हे चार महिने आपल्या हातात आहेत. त्यात पाच गोष्टी करता येतात, आणि त्यासाठी इंग्रजीचा प्राध्यापक लागत नाही.

पहिली गोष्ट शब्दांची. 2000 साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड या अभ्यासक बाईंनी विद्यापीठीय पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची एक यादी केली. त्यात 570 शब्दकुळे आहेत. विषय कायद्याचा असो वा विज्ञानाचा, साधारण दहा शब्दांतला एक या यादीतला असतो. रोज पाच शब्द घेतले तर 114 दिवस लागतात. म्हणजे आपले चार महिने! वहीत शब्द, मराठी अर्थ आणि स्वतःच्या जगण्यातले एक वाक्य. "सोर्स" शब्द आला तर विहिरीचा झरा आठवावा, "इन्कम सोर्स" आला तर शेळ्या आठवाव्यात.

दुसरी गोष्ट, मराठीचा आधार घ्यायचा. मराठी माध्यमाच्या मुलाला वाटते की आपली दहा वर्षे फुकट गेली. तसे अजिबात नाही. "प्रकाशसंश्लेषण" हा शब्द त्याने सातवी-आठवीत घोकला आहे. "फोटोसिंथेसिस" म्हणजे तेच. फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे संश्लेषण. "अपृष्ठवंशीय" म्हणजे "इनव्हर्टिब्रेट". मराठीतला "अ" आणि इंग्रजीतला "इन" एकाच कामाला आहेत. "समभुज" म्हणजे "इक्विलॅटरल". सम आणि भुजा दोन्ही तिथे आहेतच. एकदा ही जोडणी फळ्यावर मांडली की मुलांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. त्यांना विषय येत असतो, फक्त त्याचे इंग्रजी नाव माहीत नसते. म्हणून मराठीची जुनी क्रमिक पुस्तके रद्दीत घालू नका. इंग्रजी पुस्तकाशेजारी ती उघडी ठेवून बसायचे.

तिसरी गोष्ट वाचनाची. मराठीत आपण क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबतो. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते आणि बाकीचा पसारा मागून. त्यामुळे लांब वाक्यात मुले हरवतात. त्यांना सांगायचे, आधी कर्ता शोध, त्याखाली रेघ मार. मग क्रियापद शोध, त्याखाली रेघ मार. मग उरलेले वाच. त्याबरोबर छोटे जोडशब्द पाहायचे. "हाउएव्हर" आले की लेखक वळण घेतो आहे, "देअरफोर" आले की निष्कर्ष सांगतो आहे, "ऑल्दो" आले की आधी एक बाजू मान्य करून पुढे दुसरी मांडणार आहे. गाडी चालवणारा जसा रस्त्यावरच्या पाट्या पाहतो, तसे हे शब्द पाहायचे. रोज एकच पान, पण रोज.

चौथी गोष्ट प्रश्न वाचण्याची. उत्तर येत असूनही मार्क जातात, कारण प्रश्नाने काय मागितले ते कळत नाही. "डिफाइन" म्हणजे एक-दोन वाक्यांत व्याख्या. "एक्स्प्लेन" म्हणजे कसे आणि का ते सांगणे. "कंपेअर" म्हणजे साम्य आणि फरक दोन्ही. "डिस्कस" म्हणजे वेगवेगळ्या बाजू मांडणे. "जस्टिफाय" म्हणजे कारण देऊन पटवणे. असे दहा-बारा शब्द आहेत. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन आठवडाभरात ते शिकवून होतात.

पाचवी गोष्ट लिहिण्याची, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शाळेत फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवले की शाबासकी मिळते. विद्यापीठात दुसऱ्याचे लेखन त्याचे नाव न देता उतरवले की त्याला वाङ्मयचौर्य म्हणतात. मुले अप्रामाणिक नसतात, त्यांना हा नियम कोणी सांगितलेलाच नसतो. त्यासाठी आम्ही चार शब्द पाठ करून घेतो. वाचा, मिटा, सांगा, लिहा. परिच्छेद वाचायचा. पुस्तक मिटायचे. समोरच्याला मराठीत किंवा आपल्या बोलीत सांगायचा. मग तेच साध्या इंग्रजीत, चार-पाच वाक्यांत लिहायचे. मिटलेल्या पुस्तकातून कोणी उतरवू शकत नाही, आणि जे सांगता येते ते समजलेले असतेच. चूक व्याकरण पुढे सुधारता येते. न समजता उतरवलेले शुद्ध वाक्य मात्र काही कामाचे नाही.

मोबाइलचेही सांगते. भाषांतर करून देणारी साधने आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. ती वापरू नका असे मी म्हणत नाही. आधी स्वतः अंदाज करा, मग साधनात पाहा. उलटे केले तर साधन शिकते, आपण तिथेच राहतो.

यापुढची वाट

आपली मुले इथवर जाऊ शकतात का, असा प्रश्न मनात असेल तर दोन माणसे सांगते. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड. भिल्ल कुटुंबात जन्म, वडील जन्माआधीच गेलेले, आईने मोहाची दारू विकून घर चालवले. अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयातून ते मुंबईच्या सेठ जी.एस. मेडिकल कॉलेजात गेले, डॉक्टर झाले, नंतर आय.ए.एस. झाले आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून त्यांनी काम केले. दुसरे गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्याच्या चिरचाडी गावचे डॉ. भास्कर हलामी. कसनसूरच्या आश्रमशाळेत सुरुवात, पुढे केळापूर, गडचिरोली, नागपूर असे शिकत ते अमेरिकेत मिशिगनला गेले, तिथे पीएच.डी. केली आणि औषध संशोधनात शास्त्रज्ञ झाले. लहानपणी त्यांच्या घरी एक वेळच्या जेवणाची भ्रांत होती.

वाट मोकळी आहे. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती दर वर्षी देशभरातल्या वीस आदिवासी विद्यार्थ्यांना मिळते. पण बाहेरच्या विद्यापीठात जायचे तर बहुधा आयल्ट्ससारखी इंग्रजीची परीक्षा लागते. तिच्या वाचनाच्या भागात साठ मिनिटांत तीन लांब उतारे आणि चाळीस प्रश्न असतात. लेखनात किमान 250 शब्दांचा निबंध असतो. नऊपैकी साडेसहा गुण अनेक विद्यापीठे मागतात, आणि निकाल दोन वर्षेच चालतो. हे महिनाभराच्या क्लासने होत नाही. ज्याने बारावीनंतर रोज एक पान वाचायला सुरुवात केली, त्याला पदवी होईपर्यंत ते सोपे होते.

आपली बोली सोडायची नाही

एक सावधगिरी मात्र ठेवू या. इंग्रजी शिकवताना मुलांना त्यांच्या बोलीची लाज वाटेल असे काही आपल्या तोंडून जाऊ नये. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. चारच वर्षांत, 1887 साली, त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. एवढी इंग्रजी हातात असताना आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी काय केले? मूळ हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायला बसल्या, गावाकडच्या बायकांना वाचता यावे म्हणून. इंग्रजीने त्यांना दूर नेले आणि त्या आणखी जवळ आल्या. आपल्याला अशी मुले हवी आहेत. जी नर्स होऊन वस्तीवरच्या आजीला तिच्याच बोलीत औषध समजावून सांगतील.

मी स्वतः थिऑलॉजीचा डिप्लोमा मराठीतून केला. वर्गात अडले नाही, पण ग्रंथालयातली बहुतेक कपाटे इंग्रजी पुस्तकांनी भरलेली होती. शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक पान वाचायची सवय तिथे लागली. त्या सवयीवर आजही माझे काम चालते. म्हणून सांगते, हे होण्यासारखे आहे.

आपल्याकडे मागणे

तेव्हा माझे मागणे असे. एक, आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक, नर्सेस, बँकेतली माणसे आहेत. त्यांनी एका मुलाला आठवड्यातून एक तास द्यावा. शिकवण्यापेक्षा शेजारी बसून वाचून घ्यावे. दूर असाल तर फोनवरही चालते. दोन, एप्रिल ते जुलै मंडळीची खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवावी; दिवा, पंखा आणि टेबल एवढे पुरे. तीन, तुमच्या मुलांची अकरावी-बारावीची व पदवीची जुनी पुस्तके, इंग्रजी-मराठी शब्दकोश इकडे द्यावेत. चार, जी मुले त्या चार महिन्यांत रोजाला जातात त्यांची मजुरी बुडते, त्यांच्या घराला धान्याची मदत लागेल. दानीएलालाही रोजचा वाटा ठरवून दिला होता, हे विसरू नका.

आणि पाच, पहिल्या सत्रात त्यांना फोन करा. "मार्क किती पडले" असे विचारू नका. "आज काय वाचलंस, मला सांग" असे म्हणा. नर्सिंगला गेलेली आपल्या भागातली एक मुलगी दोनदा सामान बांधून बसली होती. दर शनिवारी एक निवृत्त बाई तिला फोन करून एवढाच प्रश्न विचारत. तिला त्या शनिवारसाठी काहीतरी वाचावे लागे. ती आता शेवटच्या वर्षाला आहे.

येत्या मार्चमध्ये आणखी मुले बारावी देतील. त्यांची नावे मेळाव्यानंतर पाळक साहेबांकडे मिळतील. आपल्या तासासाठी एक नाव आजच लिहून घ्या. प्रभू आपल्या हातच्या कामाला यश देवो.